विश्लेषण : दातांचे माप सफाळ्याहून लॅबपर्यंत जाताना बदलते का? कवळी सैल का होते?

समुद्री शेवाळ, लवंगेचे तेल, सिलिकॉन... दातांचे माप घेण्यासाठी कोणते साहित्य केव्हा वापरतात आणि त्यात घड्याळाला एवढे महत्त्व का?

अनेक घरांत एक कवळी असते, जी तोंडात कमी आणि पाण्याच्या वाटीत जास्त असते. ‘डॉक्टरांनी नीट बनवली नाही’, ‘आता सवयच होत नाही’ अशी कारणे सांगितली जातात. आजी मग भाकरी दुधात कुस्करून खातात आणि कवळी लग्नकार्यापुरती बाहेर निघते. कवळी असो, कॅप असो की वाकड्या दातांच्या तारा, त्या नीट बसणार की नाही हे बऱ्याच अंशी पाच मिनिटांत ठरते. डॉक्टर थंडगार लगद्याने भरलेला ट्रे तोंडात दाबून धरतात, ती पाच मिनिटे.

हा लगदा कशाचा असतो, तो लोकल गाडीतून नेता येतो का, आणि पालघर जिल्ह्यातील सफाळ्यासारख्या गावात हा प्रश्न मुंबईपेक्षा वेगळा का ठरतो, हे समजून घेऊ.

माप घेणे म्हणजे नेमके काय?

दातांचे माप पट्टीने घेत नाहीत, तोंडाचा साचा घेतात. धातूच्या किंवा प्लास्टिकच्या ट्रेमध्ये मऊ पदार्थ भरून तो दातांवर आणि हिरड्यांवर दाबला जातो. काही मिनिटांत तो घट्ट होतो. ट्रे बाहेर काढला की दातांच्या जागी खड्डे दिसतात. हा उलटा ठसा. त्यात प्लास्टर किंवा त्याहून कणखर असा डेंटल स्टोन ओतला की तोंडाची प्रतिकृती तयार होते. पेणच्या कारखान्यांत रबराच्या साच्यातून गणपतीच्या मूर्ती काढतात, तेच तत्त्व.

पुढचे काम लॅबमधला तंत्रज्ञ करतो. बहुतेक वेळा त्याने रुग्णाला पाहिलेलेही नसते. टेबलावरचे प्लास्टरचे मॉडेल हाच त्याचा रुग्ण. मॉडेल चुकलेले असेल तर कवळी त्या मॉडेलवर चपखल बसते, तोंडात मात्र हलते. अशा वेळी लॅबवाल्याला दोष देऊन उपयोग नसतो.

थोड्याशा चुकीने इतका फरक का पडावा? वरची कवळी टाळूला धरून राहते ती डिंकाने नव्हे. कवळी आणि टाळू यांच्यामध्ये लाळेचा अगदी पातळ थर असतो. दोन काचांच्या मध्ये पाण्याचा थेंब ठेवून त्या एकमेकींवर दाबल्या की सहज सुटत नाहीत, तसेच हे. मधली फट वाढली की ही पकड झपाट्याने कमी होते. म्हणूनच टाळूची प्रत्येक घडी मापात नीट उमटावी लागते. खालच्या कवळीला टेकायला जागा कमी आणि जीभ सतत धक्के देणारी, त्यामुळे ती वरच्यापेक्षा नेहमीच थोडी सैल वाटते. त्यात डॉक्टरांचा दोष नसतो.

सफाळ्याचा प्रश्न वेगळा का?

मुंबईत दवाखाना आणि लॅब एकाच उपनगरात असू शकतात. फोन केला की लॅबचा मुलगा दुचाकीवरून येतो आणि माप घेऊन जातो. सफाळे हे पश्चिम रेल्वेवर विरारनंतरचे दुसरे स्थानक. मध्ये वैतरणा स्थानक आणि वैतरणा खाडीवरचे पूल. एप्रिल २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत धावू लागली, पण विरारच्या पुढे गाड्या मोजक्याच, आणि एखादी चुकली की पुढचा बराच वेळ फलाटावर जातो. २०२५ मध्ये विरारच्या बाजूने सफाळ्याजवळच्या जलसारपर्यंत रो-रो सेवाही सुरू झाली. तरीही या पट्ट्यातली रोजची ये-जा मुख्यतः रेल्वेच्या वेळापत्रकावरच चालते.

आता समजा, सकाळी अकरा वाजता दवाखान्यात माप घेतले. विरार, वसई किंवा मुंबईतल्या लॅबमध्ये ते संध्याकाळी पोहोचले आणि तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी त्यात प्लास्टर ओतले. म्हणजे मधे जवळपास २० तास गेले. या २० तासांत माप तेच राहिले का? उत्तर साहित्यावर अवलंबून आहे. काही साहित्यांचे माप आठवडाभर टिकते. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या साहित्याचे मात्र अर्धा तासही नीट टिकत नाही.

समुद्री शेवाळ तोंडात कसे आले?

हे सर्वात जास्त वापरले जाणारे साहित्य म्हणजे अल्जिनेट. गुलाबी, पिवळसर किंवा पांढरी भुकटी, रबराच्या वाडग्यात पाणी घालून घोटलेली, अनेकदा पुदिन्याच्या किंवा व्हॅनिलाच्या वासाची. मुलांच्या तारांसाठी, तात्पुरत्या दातांसाठी, कवळीच्या पहिल्या मापासाठी तीच वापरली जाते. स्वस्त, झटपट आणि रुग्णाला फारसा त्रास न देणारी.

तिचे मूळ समुद्रात आहे. १८८०च्या दशकात एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील तपकिरी शेवाळातून एक चिकट द्रव्य वेगळे काढले आणि त्याला ‘अल्जिन’ असे नाव दिले. दातांच्या दवाखान्यात यायला मात्र त्याला अर्धे शतक लागले. त्याआधी १९२५च्या सुमारास व्हिएन्नाचे आल्फोन्स पोलर यांनी अगरपासून माप घेण्याचे साहित्य तयार केले होते. अगर म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास. गरम केले की वितळते, गार झाले की गोठते आणि पुन्हा गरम केले की पुन्हा वितळते. अगरचा मोठा पुरवठा जपानकडून होत असे. दुसऱ्या महायुद्धात तो तुटला आणि पर्याय शोधताना अल्जिनेट पुढे आले. युद्ध संपले, पण दवाखान्यांनी अल्जिनेट सोडले नाही.

भारतात अल्जिनेट देणारी सार्गासम आणि टर्बिनारिया ही शेवाळे तमिळनाडूच्या मंडपम-रामेश्वरम पट्ट्यात मोठ्या प्रमाणावर मिळतात. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेचे त्यासाठी मंडपमला केंद्रही आहे. सार्गासम कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही उगवते, ओहोटीला तपकिरी झुपके दिसतात ते हेच. आणखी एक धागा या भागाशी जुळणारा आहे. कापडावर रंगीत छपाई करताना रंगाची खळ दाट करण्यासाठी सोडियम अल्जिनेट वापरतात. ज्या तारापूर-बोईसर पट्ट्यात कापड उद्योग वाढला, त्या उद्योगाचे आणि दातांच्या ट्रेचे कच्चे द्रव्य अशा रीतीने एकाच कुळातले आहे.

भुकटी पाण्यात घातल्यावर काय होते, ते पाहण्यासारखे आहे. अल्जिनेटचे रेणू लांब साखळीसारखे असतात. भुकटीत सोबत कॅल्शियम सल्फेट, म्हणजे जिप्समही मिसळलेले असते. पाणी मिळताच कॅल्शियम सुटू लागते आणि शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींना बांधू लागते. गाठी वाढत जातात, जाळे तयार होते, जाळ्यात पाणी अडकते आणि लगद्याची जेली बनते. चायना ग्रासप्रमाणे ती पुन्हा वितळत नाही. उकडलेले अंडे जसे परत कच्चे होत नाही, तसे हे.

गाठी लगेचच पडू लागल्या तर डॉक्टरांना ट्रे भरायलाही वेळ मिळणार नाही. म्हणून भुकटीत थोडे सोडियम फॉस्फेट असते. सुटणारे कॅल्शियम आधी हे फॉस्फेट पकडते. ते संपेपर्यंत लगदा मऊ राहतो, संपले की भराभर घट्ट होतो. यंत्राला टायमर लावावा तसा हा रासायनिक टायमर आहे. साधारण अल्जिनेट दोन ते साडेचार मिनिटांत घट्ट होते, झटपट प्रकारचे एक-दोन मिनिटांत.

आणि या भुकटीचा सर्वात मोठा भाग अल्जिनेटचा नसतोच. नेहमीच्या प्रमाणात अल्जिनेटचा वाटा सुमारे १५ टक्के असतो आणि जवळपास ६० टक्के असते डायटम माती. डायटम म्हणजे सूक्ष्म शैवाल. त्यांच्या सिलिकाच्या कवचांचे लाखो वर्षांचे साठे खणून ही माती मिळते. ती मिसळल्यामुळे जेलीला बळकटी येते, पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. डबा हलवून उघडल्यावर उडणारी धूळ याच मातीची असते आणि रोज ती छातीत जाणे डॉक्टरांसाठी व मदतनिसांसाठी चांगले नाही. म्हणून पुढे कमी धूळ उडणारी अल्जिनेट बाजारात आली.

दहा मिनिटांची घाई कशासाठी?

अल्जिनेटच्या मापात सर्वाधिक काय असते? पाणी. साधारण १५ ग्रॅम भुकटीला ४० मिलिलिटर पाणी लागते. म्हणजे ट्रेमध्ये बसलेला तो घट्ट, रबरासारखा ठसा वजनाने निम्म्याहून बराच जास्त पाण्याचा आहे.

सातपाटी, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत टाकलेले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना पुढचे वेगळे सांगायला नको. ओला बोंबील लुसलुशीत असतो कारण तो पाण्याने भरलेला असतो, आणि वाळला की काडी होतो. अल्जिनेटचे माप पंख्याखाली टेबलावर ठेवले की तेच घडते. पाणी उडते, जाळे आकसते. एवढेच नव्हे, जाळे आपणहूनही पाणी बाहेर टाकत राहते, मापावर बारीक थेंब जमतात ते त्याचेच. मग पाण्यात बुडवून ठेवले तर? तेव्हा उलट होते. माप पाणी पिऊन फुगते. आकसलेले माप फुगवून पूर्वीच्या आकारात आणता येत नाही, कारण आकसणे आणि फुगणे सगळीकडे सारखे होत नाही.

म्हणून नियम असा की अल्जिनेटचे माप काढल्यावर धुऊन, निर्जंतुक करून, शक्यतो १० ते १५ मिनिटांत त्यात स्टोन ओतावा. तोवर ते ओल्या कागदात सैल गुंडाळून बंद पिशवीत ठेवावे आणि हा वेळ अर्ध्या तासाच्या पुढे जाऊ देऊ नये. ओला कापूस वर दाबून बसवणे चूक, त्याने मापाचा आकार दबतो. पाच-पाच दिवस टिकण्याचा दावा करणारी नवी अल्जिनेटही आता मिळतात, मात्र त्यांचाही दावा माप हवाबंद पिशवीत ठेवले तरच लागू होतो.

सफाळ्याचे उत्तर इथे मिळते. अल्जिनेटचे माप गाडीत बसवायचे नाही. दवाखान्यातच स्टोन ओतायचा, तो घट्ट झाल्यावर मॉडेल काढायचे आणि मॉडेल लॅबला पाठवायचे. मॉडेल दुपारच्या गाडीने गेले काय किंवा दुसऱ्या दिवशीच्या, त्याच्या आकारात फरक पडत नाही, फक्त ते पडून फुटता कामा नये. यासाठी दवाखान्यात जागा, एक मदतनीस आणि तासभर वेळ लागतो. गर्दीच्या दवाखान्यात नेमकी हीच पायरी ‘लॅबवाला करील’ म्हणून पुढे ढकलली जाण्याची शक्यता असते, आणि तिचा हिशेब महिनाभराने रुग्णाच्या हिरडीवर उमटतो.

एप्रिलचे पाणी आणि जुलैची हवा

पाठ्यपुस्तकांत अल्जिनेटसाठी पाण्याचे तापमान १८ ते २४ अंश सेल्सिअस असावे असे लिहिलेले असते. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून दुपारी येणारे पाणी हाताला चटका देते. पाणी जितके गरम, तितका तो रासायनिक टायमर लवकर संपतो. ट्रे तोंडात जाईपर्यंत लगदा वाडग्यातच घट्ट होऊ लागतो. अर्धवट घट्ट झालेला लगदा दाबून बसवला तर ठसा उमटलेला दिसतो, पण आत ताण साठून राहतो आणि ट्रे काढल्यावर माप हळूच वेडेवाकडे होते. डोळ्यांना ते कळत नाही. उपाय साधा आहे, फ्रिजमधली किंवा माठातली बाटली. अनुभवी मदतनीस उन्हाळ्यात ती हाताशी ठेवतात. घाईत भुकटी कमी-जास्त करून वेळ साधण्यापेक्षा पाण्याचे तापमान बदलणे केव्हाही चांगले, कारण प्रमाण बिघडले की माप कमजोर होते.

पावसाळ्यात वेगळा त्रास. खाडीकाठच्या दमट हवेत उघडी राहिलेली प्लास्टरची पिशवी ओल धरते, गुठळ्या होतात, आणि असे प्लास्टर कधी लवकर तर कधी उशिरा घट्ट होते. अल्जिनेटचा डबाही झाकण सैल राहिल्यास बिघडतो. या वस्तू महाग नसतात, पण बिघडलेल्या वापरल्या तर त्यांच्यावर उभी राहणारी वस्तू महाग असते.

कवळीसाठी लाल वडी आणि लवंगेचा वास

ज्यांनी कवळी करून घेतली आहे, त्यांना दोन वेळा माप दिल्याचे आठवत असेल. पहिले माप ढोबळ. दुसरे खास त्याच तोंडासाठी बनवलेल्या ट्रेने घेतलेले, बारीक.

पहिल्या मापासाठी आजही अनेक ठिकाणी लालसर चपटी वडी वापरतात. गरम पाण्यात टाकली की ती मऊ होते, तोंडात घट्ट होते. हिला इम्प्रेशन कंपाउंड म्हणतात. रेझिन, मेण आणि खडूसारखी भुकटी यांचे ते मिश्रण. ही वडी उष्णता हळू वाहून नेते, त्यामुळे बाहेरून मऊ वाटली तरी आत कडक असू शकते. मळून घेतल्याशिवाय ती वापरायची नसते.

या वडीच्या पूर्वजामागे एक मजेशीर हकिकत आहे. १८५०च्या दशकात लंडनचे दंतवैद्य चार्ल्स स्टेंट यांनी गट्टापर्चा या झाडाच्या चिकात काही पदार्थ मिसळून माप घेण्याचे साहित्य सुधारले. ते ‘स्टेंट’ नावानेच विकले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात डच शल्यविशारद योहानेस एसर यांनी जखमी सैनिकांच्या चेहऱ्यावर त्वचारोपण करताना त्वचा जागेवर धरून ठेवण्यासाठी याच पदार्थाचे साचे वापरले. पुढे शरीरात काहीही धरून ठेवणाऱ्या आधाराला स्टेंट म्हणू लागले. आज हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात त्या स्टेंटच्या नावाचा उगम साधारणपणे या दंतवैद्यापर्यंत नेला जातो. कवळीचे माप आणि अँजिओप्लास्टी यांचे नाते ते असे.

दुसऱ्या, बारीक मापासाठी झिंक ऑक्साइड युजेनॉलची पेस्ट. दोन नळ्यांतल्या दोन रंगांच्या पेस्ट काचेवर घोटतात आणि दवाखानाभर लवंगेचा वास पसरतो. युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक, दात दुखल्यावर आजी कापसाच्या बोळ्यावर देत ते तेल. ही पेस्ट पातळ असते, त्यामुळे मऊ हिरडीला न दाबता तिचा ठसा घेते. ती कडक होते, दातांच्या खाचांत अडकली तर निघत नाही, म्हणून दात नसलेल्या तोंडासाठीच योग्य. ओठांना चिकटू नये म्हणून आधी व्हॅसलीन लावतात. काहींना तिने चुरचुरते. दमट हवेत ही पेस्ट लवकर घट्ट होते, त्यामुळे सफाळ्यातल्या जुलै महिन्यात डॉक्टरांचा हात भराभर चालावा लागतो. ही पेस्ट आणि वडी भारतातही बनते. मुंबईतील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा डेंटल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया हा विभाग त्यातले जुने नाव. आणि प्रवासाचे म्हणाल तर, झिंक ऑक्साइडचे माप फारसे आकसत नाही. ट्रे मजबूत असेल तर ते गाडीतून जाऊ शकते.

कॅपसाठी सिलिकॉन का?

रूट कॅनॉलनंतर दातावर कॅप बसते. तिथे हिशेब मिलिमीटरचा नसून मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. १९७१ मध्ये मॅकलीन आणि फॉन फ्राउनहोफर या संशोधकांनी कॅपच्या कडेची फट १२० मायक्रॉनच्या आत असावी असे मांडले आणि तो आकडा अजूनही सांगितला जातो. फट त्याहून मोठी झाली की त्यात अन्न आणि जंतू शिरतात, कॅपखालचा दात किडतो आणि ते वर्षभर कुणाला कळतही नाही.

आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अल्जिनेटला ५० मायक्रॉनची रेघ उमटवता आली तरी पुरते, पातळ सिलिकॉनला २० मायक्रॉनची उमटवावी लागते. म्हणून कॅपचे अंतिम माप सिलिकॉनने घेणे इष्ट.

यातही दोन जाती आहेत आणि रुग्णाला दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्या जातीचे सिलिकॉन घट्ट होताना अल्कोहोल तयार होते. ते उडून जाते आणि माप आकसते. त्यामुळे त्यातही लवकर स्टोन ओतावा लागतो. दुसरी जात म्हणजे ॲडिशन सिलिकॉन, १९७०च्या दशकात आलेली. तिच्यात असे काही उडून जात नाही. व्यवस्थित ठेवले तर आठवडाभरानेही माप तेच राहते आणि एकाच मापातून दोनदा मॉडेल काढता येते. सफाळ्याहून मुंबईला, अगदी कुरिअरने पाठवायचे असले तरी हे माप बिनधास्त जाते. किंमत मात्र अल्जिनेटच्या कित्येक पट. अधेमधे पॉलिईथर नावाचेही एक साहित्य वापरतात, ओल्या जागी चांगले, पण घट्ट झाल्यावर ताठ आणि चवीला कडवट.

ॲडिशन सिलिकॉनची एक खोड आहे. त्याचा जाड प्रकार कणकेसारखा हाताने मळावा लागतो. लॅटेक्सचे हातमोजे घालून मळला तर तो घट्टच होत नाही, चिकट राहतो. या सिलिकॉनला घट्ट करणारा उत्प्रेरक प्लॅटिनमचा असतो आणि लॅटेक्समधली गंधकाची संयुगे त्याला निकामी करतात. डॉक्टर मध्येच हातमोजे बदलताना दिसले तर त्यामागे हे कारण असू शकते.

लॅबला जाण्यापूर्वी आणखी एक पायरी

तोंडातून निघालेल्या मापावर लाळ आणि कधी रक्तही असते. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. म्हणजे माप उघड्या पिशवीतून गेले तर ते हाताळणारा मुलगा, गाडीतला शेजारी आणि लॅबमधला तंत्रज्ञ, सगळ्यांपर्यंत धोका पोहोचतो. वाहत्या पाण्याखाली धुऊन हायपोक्लोराइटसारख्या जंतुनाशकाची १० मिनिटांची प्रक्रिया करणे हा त्यावरचा उपाय. अल्जिनेट पाणी पिते, त्यामुळे ते जास्त वेळ बुडवून ठेवायचे नाही.

बोईसर चार स्थानके पुढे, मग स्कॅनर का नाही?

लगद्याशिवाय माप घेण्याची कल्पना नवी नाही. १९८५ मध्ये झुरिचमध्ये वेर्नर म्योरमान यांनी तोंडात कॅमेरा फिरवून घेतलेल्या मापावरून त्याच बैठकीत दाताचे भरण करून बसवले. आज टूथब्रशपेक्षा थोडा जाड असा स्कॅनर दातांवरून फिरतो, हजारो चित्रे एकत्र जोडतो आणि फाइल इंटरनेटवरून लॅबला जाते. त्याला ना वैतरणेचा पूल आडवा येतो ना चुकलेली लोकल.

आणि या नव्या उद्योगाचा एक तुकडा पालघर जिल्ह्यातच आहे. जानेवारी २०२५ मध्ये शेअर बाजारात आलेल्या लक्ष्मी डेंटल या कंपनीचे कारखाने मीरा रोड, बोईसर आणि कोची येथे आहेत. कॅप आणि ब्रिजबरोबरच दात सरळ करणारे पारदर्शक अलाइनर ही कंपनी बनवते. अलाइनरसाठी स्कॅनवरून थ्रीडी प्रिंटरने दातांची प्रतिकृती छापतात आणि तिच्यावर तापवलेले प्लास्टिकचे पान ओढून बसवतात. सफाळ्याहून केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि मग बोईसर, चारच स्थानके.

पण स्कॅनर महाग आहे. लहान गावातल्या दवाखान्याने दिवसाला एखाद-दुसरी कॅप करायची आणि त्यासाठी लाखोंचे यंत्र घ्यायचे, हे गणित सहज जुळत नाही. दुसरी अडचण पैशांपलीकडची आहे. स्कॅनर कडक, ठळक खुणा असलेल्या दातांवर छान चालतो. एकही दात न उरलेल्या तोंडात सगळीकडे ओली, गुळगुळीत, हलणारी हिरडी. चित्रे एकमेकांना जोडायला खुणाच कमी. शिवाय कवळीची कड गाल आणि ओठ हलताना कुठपर्यंत यावी हे ठरवायला ते हलत असतानाचा ठसा लागतो, आणि लगदा ते काम चांगले करतो. यावर संशोधन सुरू आहे, काही ठिकाणी डिजिटल कवळ्या बनतातही. सध्या तरी स्कॅनरचा फायदा प्रामुख्याने त्यांना आहे ज्यांच्या तोंडात दात शिल्लक आहेत. मिश्री-तंबाखूने साठीत सगळे दात गमावलेल्या माणसासाठी अजून लाल वडी आणि लवंगेची पेस्टच.

माप देताना आणि दिल्यावर

वरच्या जबड्याचे माप देताना अनेकांना उमळते. ताठ बसून मान किंचित पुढे झुकवावी, नाकाने सावकाश श्वास घ्यावा, लाळ गिळण्याचा आटापिटा न करता ती बाहेर येऊ द्यावी. पाय थोडा उचलून धरायला सांगतात, त्याने लक्ष दुसरीकडे जाते. उमळण्याची सवय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, मागच्या बाजूला लगदा कमी भरता येतो. ट्रे काढताना डॉक्टर एकदम झटका देतात, तो रागाने नव्हे. अल्जिनेट हळूहळू ओढले तर फाटते, झटक्यात ओढले तर टिकते. लगदा घट्ट झालेला दिसल्यावरही ते दोन मिनिटे थांबतात, कारण त्या वेळात त्याची ताकद वाढते. ‘झाले ना, काढा आता’ अशी खूण करू नये. मापात बुडबुडा किंवा फाटलेली कड दिसली आणि डॉक्टर पुन्हा माप घेऊ म्हणाले, तर ते चांगले लक्षण समजावे.

विचारायचे तर दोनच गोष्टी विचाराव्यात. कॅपसाठी माप कोणत्या साहित्याने घेणार? आणि अल्जिनेट असेल तर मॉडेल इथेच काढणार की माप लॅबला जाणार? नीट काम करणाऱ्या डॉक्टरांना या प्रश्नांचा राग येत नाही.

सैल कवळीचा दोष दर वेळी मापाचा नसतो, हेही लक्षात ठेवायला हवे. दात काढल्यावर जबड्याचे हाड झिजते, पहिल्या वर्षात सर्वात जास्त. काढल्यानंतर लगेच केलेली कवळी काही महिन्यांत सैल होणारच. जुन्या कवळीला आतून नवा थर देऊन ती पुन्हा बसवता येते आणि त्यासाठी पुन्हा माप द्यावे लागते. मुंबई सेंट्रलला उतरून जाता येते त्या १९३३ पासूनच्या नायर रुग्णालय दंत महाविद्यालयासारख्या सरकारी-पालिका संस्थांत हे काम कमी खर्चात होते. मात्र एका फेरीत होत नाही.

फेऱ्यांचा हा मुद्दा शिबिरांनाही लागू आहे. केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत ६० वर्षांवरील गरजू ज्येष्ठांना काठी, श्रवणयंत्र, चष्मा यांच्याबरोबर कृत्रिम दंतपंक्तीही देण्याची तरतूद आहे. काठी एका दिवसात हातात देता येते. कवळीला पहिले माप, दुसरे माप, जबडे कसे मिटतात त्याची नोंद, मेणावर बसवलेल्या दातांची चाचणी आणि मग कवळी, शिवाय नंतर टोचणारी जागा घासून घ्यायला एक-दोन फेऱ्या, असा साधारण क्रम असतो. गावात कवळीचे शिबिर लागले तर पुढच्या तारखा कोणत्या, टोचल्यावर दाखवायचे कुठे आणि तिथवर जाणारी गाडी किती वाजता, हे नाव नोंदवतानाच विचारून घ्यावे.